सायकलमार्ग चौकातच का तुटतो?

प्रश्न : आमच्या घराजवळच्या मोठ्या रस्त्यालगत लाल रंगाचा सायकलमार्ग झाला आहे. सुरुवात छान आहे, पण चौक आला की तो संपतो, बसथांब्यापाशी थेट थांब्यातच शिरतो आणि पुढच्या रस्त्यावर कुठेतरी पुन्हा दिसू लागतो. असा तुटक मार्ग आखतं कोण? त्याला पैसे कुठून येतात? शेजारचे काका म्हणतात, सायकलवाले रस्त्यासाठी कर भरत नाहीत, त्यामुळे त्यांना एवढंच मिळणार. हे खरं आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत. मार्ग कोण आखतं, पैसे कोण देतं आणि तो मधेच का तुटतो? पहिल्या दोन प्रश्नांची नीट उकल केली की तिसऱ्याचं उत्तर आपोआप समोर येतं. आधी काकांची शंका दूर करू, कारण ती जवळजवळ प्रत्येक सोसायटीत ऐकू येते.

गाडी घेताना आपण आरटीओकडे जो कर भरतो, तो महाराष्ट्र मोटार वाहन कर कायदा, १९५८ नुसार राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. तुमच्या घरासमोरचा रस्ता मात्र महापालिकेचा. तो बांधला जातो महापालिकेच्या अंदाजपत्रकातून. त्या अंदाजपत्रकाचे मोठे आधार म्हणजे मालमत्ता कर, बांधकाम परवानगीची शुल्कं आणि राज्याकडून मिळणारं जीएसटीचं अनुदान. जकात गेली, एलबीटीही गेला, त्यांच्या भरपाईपोटी हे अनुदान येतं. सायकलवर कामाला जाणारा माणूस घरमालक असेल तर मालमत्ता कर थेट भरतो, भाडेकरू असेल तर भाड्यातून भरतो आणि किराणा-कपड्यांवरचा जीएसटी तर रोजच भरतो. म्हणजे त्या रस्त्यात त्याचा वाटा आहेच. जुन्या पुणेकरांना आठवत असेल, एके काळी सायकललाही कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. तेव्हा सायकलवाल्याने कर भरला नाही असं तर इतिहासही म्हणू देत नाही.

आता मार्ग आखण्याकडे वळू. पुण्यात आराखडाच नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. शहराचा सर्वंकष सायकल आराखडा तयार झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने तो मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं दाखवलं आहे. मोठ्या रस्त्यांवर वेगळे मार्ग, मध्यम रस्त्यांवर आखलेल्या पट्ट्या, आतल्या रस्त्यांवर वाहनांचा वेग कमी करून केलेली सोय असा त्याचा साधारण विचार. नकाशावर हे जाळं सलग दिसतं. मग रस्त्यावर ते तुटतं कसं?

कारण आराखडा मंजूर होणं आणि पैशांची तरतूद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आराखडा सांगतो, काय व्हावं. अंदाजपत्रक सांगतं, या वर्षी काय होणार. आणि अंदाजपत्रकात ‘कोथरूडहून डेक्कनपर्यंतचा सायकलप्रवास’ असं शीर्षक नसतं. तिथे असतं ‘अमुक रस्ता, अमुक चौक ते तमुक चौक, पुनर्डांबरीकरण व पदपथ सुधारणा’. पथ विभाग त्या तुकड्याचं पूर्वगणनपत्रक करतो, निविदा निघते, स्थायी समिती मान्यता देते, ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. त्या कामातली एक बाब म्हणून सायकलमार्ग येतो. काम चौकाच्या कडेला संपतं, म्हणून मार्गही तिथेच संपतो.

चौकाची हद्द तर अनेकांची. सिग्नल बसवणं आणि चालवणं वेगळ्या खात्याकडे, वाहतुकीचं नियोजन आणि पार्किंगबंदीची अधिसूचना वाहतूक पोलिसांकडे, खांब महावितरणचे, वरून मेट्रो जात असेल तर खालचे खांब मेट्रोचे, उड्डाणपूल असेल तर प्रकल्प विभागाचा शब्द शेवटचा. चौकातून सायकल सुरक्षित न्यायची तर हे सगळे एका नकाशावर एकत्र बसावे लागतात. एका रस्त्याच्या निविदेत तेवढा आवाका नसतो. पाण्याची नळी चार ठिकाणी उत्तम टाकली आणि एका सांध्यात सोडून दिली, तर घरात पाणी येत नाही. सायकलमार्गाचंही तसंच आहे. सायकलस्वार अख्खा प्रवास करतो आणि निर्णय त्यातल्या सर्वांत भीतीदायक शंभर मीटरवर ठरतो. मुलीला शाळेत सायकलने पाठवायचं की नाही, हे आई त्या एका चौकाकडे बघून ठरवते.

पुण्यात हा तुटकपणा आजचा नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा पहिला मार्ग सुरू झाला. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून त्या काळात मोठा निधी आला. पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के आणि महापालिकेचे ३० टक्के असं त्याचं सूत्र होतं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना प्राधान्य द्यायला सांगितलं होतं. त्यामुळे बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकलमार्ग आले. हे चांगलंच झालं. पण निधी रस्त्याच्या मोठ्या कामासाठी होता, म्हणून सायकलमार्ग त्या रस्त्याच्या सावलीत वाढला. जिथे मोठं काम नव्हतं, तिथे सायकलमार्गही नव्हता.

आता पैशांचे इतर झरे पाहू. कोणत्या झऱ्याचं पाणी कुठवर पोहोचतं हे कळलं, की कुठे काय मागायचं हेही कळेल.

महापालिकेचं स्वतःचं अंदाजपत्रक हा मुख्य झरा. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरफार करते आणि मुख्य सभा मंजूर करते. इथे एक शब्द लक्षात ठेवा : वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवला, की त्याला वर्गीकरण म्हणतात. सायकलमार्गाची तरतूद कागदावर दिसूनही काम होत नाही, त्यामागे पुष्कळदा हे असतं. निविदा वेळेत निघाली नाही, निधी पडून आहे असं दिसलं, की तो दुसरीकडे जातो. आणि राहिलाच तर मार्चअखेरीला घाईघाईने खर्ची पडतो. अशा घाईत आखणीपेक्षा रंगाचं काम सोपं असतं, म्हणून रंगवलेल्या पट्ट्या जास्त दिसतात. मला वाटतं, तरतूद झाली की आनंद मानण्यापेक्षा ऑक्टोबरपर्यंत निविदा निघाली का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

नगरसेवकांच्या शिफारशीने होणारी प्रभागातली कामं पुण्यात ‘स’ यादीत येतात. ही रक्कम प्रभागात खर्च होते आणि सायकलचा प्रवास प्रभागाची हद्द ओळखत नाही, ही त्यातली मर्यादा. शेजारच्या दोन प्रभागांनी मिळून एकच रेषा पुढे नेली तर मात्र या निधीतून चांगलं काम होऊ शकतं. तसं क्वचितच होतं, पण मागणी करायला काहीच हरकत नाही.

केंद्राच्या योजना आणि स्पर्धा हा आणखी एक स्रोत. २०२० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने शहरांमध्ये सायकलसाठी स्पर्धा घेतली. निवडलेल्या ११ शहरांना प्रत्येकी एक कोटी रुपये मिळाले. त्यांत आपल्याकडची नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरं होती. एक कोटीत शहरभर जाळं होत नाही, पण तात्पुरते खांब, रंग आणि फलक लावून एखाद्या मार्गाची चाचणी घेता येते. लोक वापरतात का, दुकानदारांना खरोखर अडचण होते का, हे काँक्रीट ओतण्याआधी कळतं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

पिंपरी-चिंचवडने पुढचं पाऊल टाकलं ते कर्जरोख्यांचं. २०२५ मध्ये त्या महापालिकेने २०० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. व्याजदर ७.८५ टक्के होता आणि मागणी देकाराच्या पाचपटीहून अधिक आली. हा पैसा निगडी परिसरातला ‘हरित सेतू’ प्रकल्प आणि टेल्को रस्ता यांसाठी, म्हणजे चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना सोयीचे रस्ते करण्यासाठी आहे. इथे महत्त्वाची गोष्ट रकमेपेक्षा वेगळी आहे. रोखे काढताना प्रकल्प अख्खा मांडावा लागतो. कुठून कुठवर, किती काळात, कशासाठी, हे गुंतवणूकदाराला सांगावं लागतं. त्यामुळे परिसर जोडून आखण्याची सवय लागते. तुकड्यांच्या निधीतून जे होत नाही, ते होण्याची शक्यता इथे वाढते. अर्थात हे कर्ज आहे आणि ते नागरिकांच्या करातूनच फिटायचं आहे, हेही विसरून चालणार नाही.

बांधल्यानंतरचा खर्च हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित. बांधकाम हा भांडवली खर्च, झाडलोट आणि डागडुजी हा महसुली खर्च. केंद्राचा किंवा राज्याचा निधी येतो तो बहुधा भांडवली. उखडलेला पेव्हर ब्लॉक बसवायला तो वापरता येत नाही. म्हणून उद्‌घाटनाच्या वर्षी चकचकीत असलेला मार्ग नंतर राडारोड्याने, फांद्यांनी आणि दुचाकींनी भरतो. मग ‘कोणी वापरतच नाही’ असं म्हणून तो काढायचा प्रस्ताव येतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास असे मार्ग झाले. ते संकुलाच्या आत फिरत होते, पण वांद्रे किंवा कुर्ला स्थानकातून उतरलेल्या नोकरदाराला तिथवर सुरक्षित सायकलने पोहोचता येत नव्हतं. गाड्या उभ्या राहू लागल्या आणि २०२५ मध्ये ती पट्टी काढून वाहनांच्या मार्गिकेत मिसळायचं एमएमआरडीएने ठरवलं. स्थानकापर्यंतचा दुवा बांधला असता तर निकाल वेगळा लागला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सगळं खरं, पण आपल्या रस्त्यांवर जागाच कुठे आहे?’ हा पुढचा आक्षेप. चला, मोजू. १८ मीटर रुंदीचा रस्ता घ्या. दोन्ही कडांना २-२ मीटर पदपथ, त्याला लागून २-२ मीटर उभ्या गाड्यांच्या रांगा. उरले १० मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशींनुसार एकेरी सायकलमार्गाला किमान २ मीटर आणि दुहेरी मार्गाला ३ मीटर लागतात. म्हणजे उभ्या गाड्यांच्या दोन्ही रांगा काढल्या, की दोन्ही बाजूंना सायकलमार्ग बसतो. एकच रांग काढली आणि वाहनांच्या १० मीटरमधला एक मीटर घेतला, तर एका बाजूने दुहेरी मार्ग होतो आणि धावत्या वाहनांना ९ मीटर राहतात. जागा आहे. ती उभ्या गाड्यांना फुकट दिलेली आहे. पुण्याचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेत मंजूर झालं, तेही प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं, आणि तिथेच अडकलं. सायकलमार्गाची खरी लढाई पार्किंगच्या बैठकीत होते, सायकलच्या बैठकीत नव्हे.

आता चौकाकडे जरा सावकाश बघू, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथलाच आहे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, सायकलमार्गही डावीकडे. सायकलस्वाराला सरळ जायचं असतं आणि त्याच्या उजवीकडची रिक्षा डावीकडे वळते. दोघांच्या रेषा बरोबर कोपऱ्यावर छेदतात. कोपरा जितका ऐसपैस गोलाकार, तितकी गाडी वेगात वळते. म्हणून कोपऱ्याचं वळण आवळून घेणं हा पहिला उपाय. गाडीचा वेग आपोआप उतरतो आणि चालकाला सायकल दिसते. दुसरा उपाय, सायकलमार्गाचा रंग चौकातूनही पुढे नेणं. तिसरा, सायकलची थांबरेषा गाड्यांच्या पुढे आखणं आणि हिरवा दिवा सायकलला दोन-चार सेकंद आधी देणं. यातल्या कशालाही फार मोठा खर्च नाही. लागतो तो एका टेबलाभोवती जमलेल्या खात्यांचा वेळ.

बसथांब्याचंही तसंच. सायकलमार्ग थांब्याच्या मागून न्यायचा, म्हणजे प्रवासी बसकडे धावताना सायकलच्या आडवे येत नाहीत आणि बस सायकलच्या वाटेत थांबत नाही. त्यासाठी थांबा मीटर-दोन मीटर पुढे सरकवावा लागतो. थांबा पीएमपीएमएलचा, पदपथ महापालिकेचा. तुमच्या रस्त्यावर मार्ग थांब्यात शिरतो, त्याचं कारण बहुधा एवढंच असेल की थांबा हलवायला कोणी कोणाला पत्र लिहिलं नाही.

मार्गावर गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी बोलार्ड, म्हणजे छोटे खांब लावतात. ते मोटार आणि रिक्षा अडवतात, पण स्कूटर अडत नाही, कारण सायकलचं हँडल आणि स्कूटरचं हँडल यांच्या रुंदीत फार फरक नाही. खांब आणखी जवळ आणले तर दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल किंवा व्हीलचेअरच अडकते. तेव्हा दुचाकींचा प्रश्न खांबांनी सुटत नाही. तिथे कारवाईच लागते, आणि मुख्य रस्त्यावर दुचाकींना नीट वाहती मार्गिका. पृष्ठभागाचंही महत्त्व आहे. पेव्हर ब्लॉकवर सायकल खडखडते, म्हणून स्वार पुन्हा डांबरावर उतरतो. सलग डांबर किंवा काँक्रीट, रस्त्याच्या पातळीत बसवलेली चेंबरची झाकणं आणि इमारतींच्या फाटकांसमोर चढ-उतार न करता सपाट पुढे जाणारा मार्ग, एवढं असलं तरी लोक टिकतात.

आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा मार्ग हवाच, असंही नाही. वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटरवरून ५० वर गेला, की धडकेची ऊर्जा पावणेतीनपट होते. उलट वेग ३० च्या आत ठेवला, तर सायकल आणि मोटार एकाच रस्त्यावर बऱ्याच निर्धास्तपणे चालू शकतात. एरंडवण्यातल्या प्रभात रस्त्याच्या गल्ल्या आठवा. झाडांची सावली आहे, वाहतूक बेताची आहे. अशा आतल्या रस्त्यांची साखळी जोडली, त्यावर गतिरोधक, लहान गोलाकार चौक आणि स्पष्ट फलक लावले, तर मोठ्या रस्त्याच्या खर्चाच्या एका अंशात स्थानिक सायकलमार्ग तयार होतो. जिथे मोठा रस्ता ओलांडायचा, तिथेच फक्त सिग्नलचा खर्च. फर्ग्युसन आणि जंगली महाराज या एकेरी रस्त्यांमुळे सायकलवाल्याला विनाकारण लांबचा वळसा पडतो, हेही अशा आखणीत विचारात घेता येईल. स्थानिक मार्गासाठी मला हीच वाट सर्वांत व्यवहार्य वाटते. मात्र त्यासाठी रम्य जागा शोधत बसू नये. पवई तलावाच्या काठाने सायकलमार्ग करायला मुंबई महापालिका निघाली होती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. तलावाची पाणथळ जमीन तर वाचलीच, पण शहरानेही धडा घ्यायला हवा, की कामावर जाणाऱ्याचा रस्ता शहराच्या रस्त्यांतूनच जातो.

शेवटची शंका : सायकल चालवतं कोण? २०११ च्या जनगणनेत, शेतीबाहेरच्या कामांवर जाणाऱ्यांपैकी देशभरात साधारण १३ टक्के लोक सायकलने जातात असं आढळलं. सुरक्षारक्षक, कारखान्यातले कामगार, वृत्तपत्र टाकणारी मुलं. ते भल्या पहाटे निघतात, म्हणून आपल्या नजरेत येत नाहीत. उरलेले लोक मार्ग सलग झाला की येतात. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचं सलग जाळं झालं. त्यासाठी बरीच जागा पार्किंगमधून घेतली आणि जवळजवळ कोणीच सायकल चालवत नसलेल्या त्या शहरात सायकलचे प्रवास अनेकपटींनी वाढले. तिथे तुकडे न बांधता आधी जाळं बांधलं, यातच त्याचं कारण आहे.

तेव्हा ‘आमच्याकडे सायकलमार्ग हवा’ एवढाच अर्ज करू नका. तुटलेला सांधा दाखवून अर्ज करा. अमुक चौक, या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, मध्ये येणारा बसथांबा, खांब आणि फाटक, दोन-चार छायाचित्रं आणि २०१७ च्या आराखड्यात तो रस्ता कसा दाखवला आहे, हे सोबत जोडा. एक प्रत पथ विभागाला, एक वाहतूक पोलिसांना, थांब्यासाठी एक पीएमपीएमएलला. छोट्या कामासाठी आणखी एक दार उघडं आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घेते. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्यात अख्खा मार्ग होत नाही, पण चौकातले रंगीत पट्टे, उतार, फलक आणि बोलार्ड होतात. अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि ते तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. काकांनाही सोबत न्या. अर्जावर एकापेक्षा जास्त सह्या असलेल्या चांगल्या.